भाचा म्हणतो, युरेनियममध्ये टाक

सदराला आलेलं पत्र थोडं आखडून देते आहे.

"मी बदनापूर तालुक्यातली. वय ६१. मालक जाऊन सहा वर्षं झाली, एकच मुलगी, ती परभणीला दिलीय. समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली, त्या मोबदल्यातले १८ लाख बँकेत ठेव म्हणून आहेत, ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. चार लाख एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवले होते ते अडकले. माझा भाचा पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे. गुणी लेकरू आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. तो म्हणतो, कॅनडात एक छोटी कंपनी युरेनियम शोधतेय, त्यात १२ लाख टाक, तीन वर्षांत पाचपट होतील. त्याने स्वतः तीन लाख टाकले, आठ महिन्यांत साडेसहा दिसतायत. खातं त्याच्या नावावर आहे, तुझ्या नावाचं नंतर बघू आत्या, म्हणतो. मल्टिस्टेटचे बुडालेले यातून निघतील असं मनात येतं. पण युरेनियम म्हणजे बॉम्बचं ना? आपल्यावर काही येणार नाही ना? आणि नाही म्हटलं तर भाऊ-भावजय काय म्हणतील? माहेर एवढंच उरलंय."

ताई,

बॉम्बचं आधी उरकते. परदेशातल्या युरेनियम कंपनीचे शेअर घेणं हा गुन्हा नाही, तुमच्या दारात कोणी येणार नाही. खाणीतला दगड दळून, धुऊन त्याची पिवळी पूड होते, ती पिंपांत भरून जाते आणि अणुभट्ट्यांत वीज करायला वापरतात. आपल्याच सरकारने २०१५ साली कॅनडाच्या कॅमेको कंपनीशी ७१ लाख पौंड वजनाच्या युरेनियमचा करार केला होता, तो वीज केंद्रांसाठीच. तेव्हा यावरून झोप घालवू नका. झोप घालवायची तर तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलेल्या गोष्टीसाठी घालवा. खातं भाच्याच्या नावावर आहे.

समृद्धीचा मोबदला वाटला तेव्हा तुम्ही पाहिलंच असेल. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या खात्यात पैसे. वीस-वीस वर्षं रान कसलं पण फेरफारात नाव लागलं नाही, अशी माणसं तहसीलच्या पायऱ्यांवर बसून राहिली. शेअरचा सातबारा असाच असतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे इथं राहणाऱ्या कुणालाही एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, पण स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या नावाने. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ घेते, तो नंतर विवरणपत्रात वळता होतो. तुमचे १२ लाख त्याच्या नावाने गेले, की बँकेतली नोंद त्याची, आगाऊ कर त्याच्या पॅनवर, विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात शेअर त्याचे. आणि देव न करो, पण उद्या त्याला काही झालं तर वारस त्याची आई, आणि असतील तर बायको-मुलं. या सगळ्यात तुम्ही कुठं आहात? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "आत्याचे १२" एवढ्या दोन शब्दांत. भाचा लबाड आहे असं मी म्हणत नाही. गुणी लेकरांच्या हातूनच असे व्यवहार होतात, कारण लबाडाला कुणी एवढे पैसे देत नाही.

आता कंपनी. भाच्याने "युरेनियमची कंपनी" म्हटलं म्हणून तुमच्या डोळ्यांपुढे खाण आली असेल, ट्रक, कामगार, भोंगा. तसलं तिथं काही नाही. या धंद्यात अशा कंपनीला ज्युनियर म्हणतात. तिच्याकडे असतो शोध घेण्याचा परवाना, काही हजार हेक्टर जंगल किंवा वाळवंट, दोन-चार भूवैज्ञानिक आणि व्हँकुव्हर नाहीतर पर्थला एक ऑफिस. विकायला युरेनियम नसतं, त्यामुळे उत्पन्न नसतं. खर्च मात्र रोजचा. तो भागतो नवे शेअर विकून. म्हणजे तुम्ही युरेनियम विकत घेत नाही ताई, तुम्ही कुणाच्या तरी रानात बोअर मारायला पैसे देता.

बोअर म्हटल्यावर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. २०१३ च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी तीन बोअर मारले. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधानं फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. रात्री तमिळनाडूची गाडी आली. मुरूम गेला, काळा पाषाण लागला, फुपाट्यानं सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. तीनशे फुटांवर भुकटीला ओल आली आणि आईनं देवापुढं दिवा लावला. गाडीवाला म्हणाला, अण्णा, अजून शंभर जाऊ द्या, खाली नक्की आहे. साडेपाचशेला थांबलो. कोरडा. पैसे फुटावर होते, पाण्यावर नव्हते. पहाटे गाडी शेजारच्या शिवारात गेली, तिथल्या आशेवर.

ज्युनियर कंपनीचा भूवैज्ञानिक पाणाड्या नसतो, हे मात्र सांगायला हवं. त्यांचं शास्त्र आहे. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात अथाबास्का नावाचं खोरं आहे, जगातलं सगळ्यात कसदार युरेनियम तिथलं. तिथं विमानातून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण करून जमिनीखालचे ग्रॅफाइटचे पट्टे हुडकतात, कारण युरेनियम बहुधा त्यांच्या आसपास, वालुकाश्म आणि त्याखालचा जुना खडक जिथं भेटतात त्या सांध्यावर बसलेलं असतं. मग हिऱ्याच्या दातांचं ड्रिल लावून दगडाची अखंड कांडी बाहेर काढतात. त्याच भोकात गॅमा किरण मोजणारी नळी सोडतात. आकडा वर आला की कंपनी त्याच आठवड्यात बातमी काढते. प्रयोगशाळेचा निकाल नंतर येतो, आणि तो नेहमी नळीच्या आकड्याएवढा येतोच असं नाही. ती पहिली बातमी म्हणजे भुकटीला आलेली ओल. शेअर उडतो तो बहुधा तिथं. भाच्याचे साडेसहा लाख अशाच एखाद्या ओलीवर झालेत का, हे त्याला विचारा.

आता समजा पाणी लागलं. किती इंची, हा पुढचा प्रश्न. ०.०५ टक्के प्रत म्हणजे एक टन दगडात अर्धा किलो, साधारण १.१ पौंड. पौंडाला ८० डॉलर धरले तर टनामागे ८८ डॉलर, आणि त्यात तो दगड खणायचा, वर आणायचा, दळायचा, आम्लात किंवा अल्कलीत विरघळवायचा आणि उरलेला किरणोत्सारी गाळ शेकडो वर्षं सांभाळायचा. आपल्याकडच्या जादुगोडा, तुम्मलपल्लेच्या खाणींची प्रत याच घरातली आहे. सरकारला देशाची गरज म्हणून ते परवडतं. उलट अथाबास्कातल्या सगळ्यात कसदार खाणीत प्रत दहा टक्क्यांच्या वर आहे, टनाला शंभर किलोहून जास्त. म्हणून "युरेनियम सापडलं" एवढ्यावर जाऊ नका.

आणि एवढं कसदार सापडूनही काय होतं ते ऐका. अथाबास्कातला सिगार लेकचा साठा १९८१ साली सापडला. ज्युनियरचं नव्हे, मातब्बर कंपन्यांचं काम. जमिनीखाली साडेचारशे मीटर, म्हणजे जवळजवळ पंधराशे फूट. भोवतीचा दगड पाण्यानं इतका भरलेला, की खणताना पाणी आत येऊ नये म्हणून थंडगार खारं पाणी नळ्यांतून खेळवून जमीन गोठवावी लागते. तरी ऑक्टोबर २००६ मध्ये पाणी फुटलं आणि बांधकाम चालू असलेली खाण बुडाली. २००८ मध्ये उपसा चालू असताना पुन्हा घुसलं. आपण एका इंचासाठी साडेपाचशे फूट जातो आणि त्या लोकांना पाणी नको म्हणून बर्फ करावा लागतो, देवाचा न्याय म्हणायचा. धातूक बाहेर यायला २०१४ उजाडलं. ३३ वर्षं. तुमच्या भाच्याचं वय त्याहून कमी असेल.

मधल्या काळात परवाने, पर्यावरण अहवाल, तिथल्या आदिवासी समाजांशी बोलणी, कर्ज. त्याच खोऱ्यात नेक्सजेन नावाच्या, तेव्हा ज्युनियर असलेल्या कंपनीला २०१४ मध्ये अ‍ॅरो नावाचा मोठा साठा लागला. हे या धंद्यातलं भाग्यवान उदाहरण, त्याचे भागधारक सुखात आहेत. पण तिथूनही पहिल्या दहा वर्षांत विकायला पूड निघाली नाही. आपल्या शेजारचंच पाहा. कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातलं गोगी, निजामाच्या राज्यात आपण आणि ते एकाच सरकारखाली होतो. तिथं अणुऊर्जा खात्याच्या संशोधकांना देशाच्या मानानं चांगल्या प्रतीचं युरेनियम मिळालं, ते नव्वदच्या दशकात. नियमित खाण अजून नाही. मेघालयात तर साठा सापडून चार दशकं उलटली, खासी लोकांनी खणू दिलं नाही. (आपल्या बेसॉल्टात युरेनियम नगण्य असतं, तेव्हा राहिलेल्या जमिनीत काही निघेल का, हा विचार सोडून द्या. एका वाचकाने मला खरंच तसं विचारलं होतं.) आणि भारतात युरेनियम खणण्याचं काम आजवर यूसीआयएल या सरकारी कंपनीनेच केलं आहे, तिचा शेअर बाजारात मिळत नाही, म्हणून भाचा कॅनडात पोचला.

तीन वर्षांत पाचपट हे भाच्याने कुठून आणलं, ते मला ठाऊक आहे असं वाटतं. या धंद्यात पॅलाडिनची गोष्ट सगळे सांगतात. ऑस्ट्रेलियाची कंपनी, २००३ च्या सुमारास शेअर एका सेंटला मिळायचा, २००७ मध्ये दहा डॉलरच्या वर गेला. हजारपट. खरी गोष्ट आहे. गोष्ट सांगणारे इथं चहाचा घोट घेतात आणि विषय बदलतात. पुढचं मी सांगते. त्या कंपनीने नामिबियात खरोखर खाण उभी केली, म्हणजे ज्युनियरची मोठी झाली, जे फार थोड्यांना जमतं. पण २००७ मध्ये १३६ डॉलरला गेलेला युरेनियमचा पौंड आधी मंदीने आणि मग मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेने खाली आला, २०१६ च्या शेवटी १८ डॉलरपर्यंत. जुलै २०१७ मध्ये कंपनी प्रशासकाच्या हाती गेली, कर्ज देणाऱ्यांनी शेअर घेतले, जुन्या भागधारकांकडे अवघे २ टक्के उरले. २०२४ च्या सुरुवातीला पौंड पुन्हा शंभरच्या वर गेला, ती खाणही परत सुरू झाली, कंपनी आज उभी आहे. कंपनी वाचली, खाण वाचली. दहा डॉलरला घेतलेला माणूस वाचला नाही.

भाचा म्हणेल, आता तसं नाही आत्या, एआयला वीज लागते, देश अणुवीज वाढवतायत. बरोबर आहे त्याचं. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून जास्त देशांनी २०५० पर्यंत अणुवीज तिप्पट करायचं म्हटलंय, मोठ्या संगणक कंपन्या अणुविजेचे करार करतायत. युरेनियमला दिवस बरे येतील असं मलाही वाटतं. पाऊस चांगला होणार म्हणून कुणाच्याही बोअरला पाणी लागत नाही, एवढंच त्याला सांगा.

आणि एक वाटणीचं गणित, ते तुम्हाला लगेच कळेल. आजोबांची वीस एकर, वडिलांच्या वाट्याला पाच, आज तुमच्या चुलतभावाकडे सव्वा. जमीन तेवढीच, वाटेकरी वाढले. ज्युनियर कंपनी दरवर्षी, कधी वर्षातून दोनदा, नवे वाटेकरी आणते. आज तिचे पाच कोटी शेअर असतील आणि तुमचे पन्नास हजार, तर हजारात एक हिस्सा. पैसे संपले, आणखी पाच कोटी विकले, तुमचा हिस्सा अर्धा. हे नवे शेअर बाजारभावापेक्षा स्वस्तात, ओळखीच्या मोठ्या गुंतवणूकदारांना जातात, वर वॉरंट मिळतं, म्हणजे पुढं ठरलेल्या भावाने आणखी शेअर घेण्याचा हक्क. कॅनडात असे शेअर चार महिने विकता येत नाहीत. चार महिने संपले, तेवढ्यात एखादी ओलीची बातमी आली, भाव वर गेला, की ते विकून मोकळे. विकत कोण घेतं? हिंजवडीतून रात्री जागून बाजार बघणारा मुलगा. आणि त्याच्या मागं त्याची आत्या.

यातली प्रत्येक गोष्ट कागदावर असते हो, लपलेली नसते. ब्री-एक्स नावाच्या कॅनडाच्याच ज्युनियरने इंडोनेशियात सोनं सापडल्याचं दाखवलं आणि १९९७ मध्ये दगडाच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं निघालं. त्यानंतर तिथं नियम कडक झाले. आता साठ्याचा अहवाल जबाबदार भूवैज्ञानिकाच्या सहीनं द्यावा लागतो आणि सेडार प्लस या सरकारी संकेतस्थळावर तो कुणालाही फुकट वाचता येतो. साठा "अनुमानित" लिहिलाय की "मोजलेला", हातातली रोकड किती महिने पुरेल, वॉरंट धरून एकूण शेअर किती, आणि चालवणाऱ्यांपैकी कुणी आजवर एक तरी खाण उभी केलीय का. भाच्याला एवढी चार उत्तरं तोंडपाठ असतील तर तो निदान अभ्यास करून बुडेल. कंपनीचं नाव एखाद्या टेलिग्राम ग्रुपवरून आलं असेल आणि पैसे कुणा माणसाच्या खात्यात भरायला सांगत असतील, तर मात्र हा विषयच वेगळा. मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर आहे, त्यावर फोन करायचा, त्याच दिवशी.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी तीनदा वाचलं, त्याच्याकडे येते. मल्टिस्टेटचे बुडालेले यातून निघतील.

ताई, तुम्हाला युरेनियम नकोच आहे. तुम्हाला ते चार लाख परत हवेत. मालकांना न विचारता ठेवले असतील, किंवा मुलीनं नको म्हटलं असताना, मला माहीत नाही; पण ती सल पत्रात दिसते. हरलेला डाव मोठ्या डावानं भरून काढायचा हे गावाच्या पारावर पत्ते खेळणाऱ्यांचं गणित आहे. ते चार लाख मिळाले तर त्याच दारातून मिळतील. ठेवीची मूळ पावती जपून ठेवा, अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, नेमला असेल तर त्याच्याकडे दावा लावा, आणि १९९९ चा ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा आहे, त्याखाली आर्थिक गुन्हे शाखेत तुमची तक्रार नोंदलेली आहे का ते एकदा बघून या. वेळ लागेल, सगळे मिळतील असं वचन मी देत नाही. पण ते खातं वेगळं आणि हे १८ लाख वेगळे.

माझं उत्तर म्हणाल तर १२ लाख नाही, दोन लाखही नाही. पन्नास हजारांसाठी या वयात परदेशी खातं उघडून विवरणपत्राचा किचकट फॉर्म भरत बसण्यात अर्थ नाही, आणि भाच्याच्या नावावर एक रुपया नाही.

तुमची साठी झालीय, म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुम्हाला लागू आहे. पोस्टात किंवा बँकेत, ३० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. खातं उघडाल त्या दिवशीचा दर पाचही वर्षं टिकतो. पंधरा लाख ठेवले तर या दराने तिमाहीला ३०,७५० रुपये हातात येतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या तारखेला. उरलेले तीन लाख आहे त्या बँकेत राहू द्या, आजारपणाला, बाळंतपणाला. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला तो नव्हता, हे तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

राहिलं माहेर. भाच्याशी फोनवर बोलू नका, फोनवर नाही ऐकलं की माणूस दुखावतो. त्याला घरी बोलवा, धपाटे-दही करा, आणि म्हणा, "बाळा, तू माझा विचार केलास हेच मला पाच लाखांचं. पण हे पैसे माझे एकटीचे नाहीत, रान गेल्याचे आहेत, त्यावर तुझ्या ताईचा हक्क आहे, तिला विचारल्याशिवाय मी हलवणार नाही." हे खोटं नाही, आणि भावजयीलाही यावर बोलता येत नाही. मग हळूच विचारा, तुझे साडेसहा झालेत तर मुद्दलाचे तीन काढून घेतलेस का? "अजून वाढणार आहे आत्या," म्हणाला तर एक सांगा: माझ्यासाठी एवढं कर, आधी मुद्दल काढ, वरचं राहू दे. तो लगेच ऐकेल असं नाही. शेअर विकायला गेल्यावर दिसतो त्या भावाला घेणारा मिळतो का, हे तरी त्याला त्या दिवशी कळेल. छोट्या कंपन्यांत दिवसभरात फार थोडे शेअर हातबदल होतात.

ठेव संपण्याआधी आठवडाभर बँकेत जाऊन ती आपोआप पुन्हा लागणार नाही असं लेखी देऊन या, नाहीतर परत वर्षभर अडकेल. पोस्टात जाताना पॅन, आधार, दोन फोटो आणि चेकबुक घ्या. वारसाच्या रकान्यात मुलीचं नाव लिहा, आधार कार्डावर आहे तसंच, लग्नानंतरचं असेल तर तेच.